मेल सर्व्हरच्या तपासणीत 'बफर ओव्हरफ्लो' निघालाय. शेठना काय सांगू?

विद्या_डोंबिवली | मंगळवार, रात्री १०.४०

मंडळी, आधीच सांगून टाकते, मी कॉम्प्युटरमधली नाही. मशीद बंदरला एका कस्टम क्लिअरिंगच्या ऑफिसात अकरा वर्षं डॉक्युमेंटेशन बघते. चेकलिस्ट तपासायची, बिल ऑफ एंट्री भरायचं, शिपिंग लाइनकडून डीओ (माल सोडायचा आदेश) सोडवायचा, न्हावा शेवाच्या आमच्या माणसाला दिवसातून वीस फोन करायचे, हे माझं काम. मेल सर्व्हर माझ्या गळ्यात कसा पडला ते ऐका. २०१७ साली आमच्याकडे एक हुशार मुलगा होता. माणशी दर महिन्याला पैसे भरण्यापेक्षा आपलाच सर्व्हर बसवू, असं त्याने शेठना पटवलं. बसवला, छान चालला. २०१८च्या गणपतीनंतर तो कॅनडाला गेला आणि जाताना पासवर्डची चिठ्ठी माझ्या हातात देऊन गेला. कारण काय, तर त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात मी एकटीच होते.

तेव्हापासून ते मशीन जिन्याखालच्या कपाटात आहे. शेजारी पाण्याच्या पंपाचा स्टार्टर. दर दसऱ्याला मी त्याला हळदकुंकू लावते, झेंडूचं फूल वाहते. सात वर्षांत त्याची याहून वेगळी सेवा कोणी केलेली नाही. लाइट जाऊन बंद पडलं तर बटण दाबून चालू करते, तेवढं येतं.

आता झालंय असं की हॅम्बुर्गच्या आमच्या एका जुन्या पार्टीने यंदा सगळ्या एजंटांची सुरक्षा तपासणी काढली. आमचा सर्व्हर बाहेरूनच कुठून तरी तपासला म्हणे, आणि चौदा पानांचा अहवाल धाडला. तेरा पानं हिरवी-पिवळी. एका पानावर लाल पट्टा: एक्झिम ४.८९, हीप बफर ओव्हरफ्लो, सीव्हीई-२०१८-६७८९, तीव्रता ९.८. म्हणजे दहापैकी! दहा दिवसांत लेखी खुलासा द्या, नाहीतर नव्या शिपमेंट थांबवू.

शेठना दाखवलं. म्हणाले, "मेल येतायत ना? जातायत ना? मग हात लावू नको." आणि वर, "२०१८चं दुखणं आज कशाला उकरतायत?" हे दुसरं वाक्य मलाही अगदीच चूक वाटलं नाही, म्हणून इथे विचारते. बफर ओव्हरफ्लो म्हणजे नक्की काय, शेठच्या डोक्यात शिरेल असं कोणी सांगेल का? आणि आमच्या मशीनला ते खरंच आहे, की अहवालवाल्यांना काहीतरी लाल दाखवावंच लागतं?

लोअरपरळवाला | मंगळवार, रात्री ११.०५

ताई, आजच्या काळात स्वतःचा मेल सर्व्हर कोण ठेवतं? क्लाउडवर टाका आणि शांत झोपा.

शंकासुर | मंगळवार, रात्री ११.५२

वरच्या साहेबांनी प्रश्न वाचलेला दिसत नाही. ताईंना खुलासा द्यायचाय. घर बदललं म्हणून जुन्या घरात चोरी झाली होती की नाही, याचं उत्तर मिळत नाही.

माझी शंका वेगळी आहे. हे प्रकरण मी जरा चाळलं. सगळा गोंधळ एका बाइटचा आहे. एक बाइट म्हणजे इंग्रजीतलं एक अक्षर. एक अक्षर जास्त झालं म्हणून परका माणूस सर्व्हरचा मालक होतो, हे मला काही पटत नाही. कोणी जाणकार समजावेल का?

जुनाखांब | बुधवार, पहाटे ५.३०

विद्याताई, १९९६पासून मेल सर्व्हर सांभाळले, आता निवृत्त आहे, ठाण्याला असतो, पहाटे झोप लागत नाही. सावकाश सांगतो.

एक्झिम हा मेल इकडून तिकडे पोचवणारा प्रोग्राम. केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी १९९५ साली लिहायला घेतला, सी भाषेत. डेबियन नावाच्या लिनक्सवर वेगळं काही न निवडता मेल बसवला तर हाच बसतो. त्यामुळे तुमच्या त्या मुलाने तो विचार करूनच निवडला असेल, असं नाही.

सी भाषेची रीत अशी: आधी सांगायचं, मला इतके बाइट जागा हवी. हीप नावाच्या मेमरीच्या साठ्यातून जागा मिळते. पण लिहिता लिहिता जागा संपली का, हे भाषा बघत नाही. ते लिहिणाऱ्याने बघायचं. त्याने नाही बघितलं तर मजकूर शेजारच्या जागेत सांडतो. झालं बफर ओव्हरफ्लो.

आता तुमच्या लाल पट्ट्यातला नेमका किस्सा. (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षेच्या चुकांच्या यादीतला नंबर.) तुमची माणसं फोनवरून मेल पाठवतात तेव्हा त्यांचं नाव आणि पासवर्ड सर्व्हरकडे जातो तो बेस६४ नावाच्या वेषात. त्यात चार अक्षरांचे तीन बाइट होतात. म्हणून एक्झिम जागा मागताना हिशोब करायचा: अक्षरं भागिले चार, गुणिले तीन, वर एक. आठ अक्षरं आली तर आठ भागिले चार दोन, दोन त्रिक सहा, वर एक, सात. निघणार सहा बाइट. मावले. आता कोणी मुद्दाम सातच अक्षरं पाठवली तर? सात भागिले चार, एक. एक त्रिक तीन, वर एक, चार. जागा चार बाइटांची. पण उलगडणारा कोड मागे उरलेल्या तीन अक्षरांतूनही दोन बाइट काढतो. तीन आणि दोन पाच. पाचवा कुठे जाणार? शेजाऱ्याच्या घरात.

चौथीतला भागाकार आहे हो. बाकी धरायची राहिली. दुरुस्ती काय केली माहितीये? बाकी मिळवली. जेमतेम ओळीचं काम.

शंकासुर, आता तुमचा एक बाइट. जागा वाटणारा एरवी थोडी सढळ हाताने वाटतो, त्यामुळे सांडलेला बाइट बहुतेक वेळा रिकाम्या कोपऱ्यात पडतो आणि कुणाला कळतही नाही. म्हणूनच ही चूक एक्झिममध्ये पहिल्यापासून होती आणि वीसेक वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही. पण अक्षरांची संख्या नेमकी निवडली की तो बाइट शेजारच्या तुकड्याच्या कपाळावर पडतो. आणि प्रत्येक तुकड्याच्या कपाळावर त्याचा स्वतःचा आकार लिहिलेला असतो. तो आकडा बदलला की लहान तुकडा मोठा वाटायला लागतो. पुढच्या वेळी वाटणारा तोच तुकडा 'मोठा' समजून हल्लेखोराला देतो, आणि त्यात त्याच्यापुढच्याचीही जागा आलेली असते. कोणता मेल घ्यायचा आणि कोणता नाही, याचे एक्झिमचे नियम तिथेच मेमरीत साध्या मजकुरासारखे पडलेले असतात. त्या नियमांच्या भाषेत 'अमुक आज्ञा चालव' असंही लिहिता येतं. हल्लेखोराने नियमावर आपला नियम लिहिला की पुढचं काम एक्झिम स्वतःच करतो.

आणि पासवर्ड? तो बरोबर आहे का हे बघायच्या आधी उलगडावा लागतो ना. चूक उलगडण्यातच आहे. म्हणजे पासवर्ड माहीत असायची गरजच नाही.

तैवानच्या डेव्हकोर संस्थेतल्या संशोधकांनी हे ५ फेब्रुवारी २०१८ला एक्झिमवाल्यांना कळवलं. १० फेब्रुवारीला दुरुस्त ४.९०.१ आली. त्या वेळी एक्झिमवाल्यांचं म्हणणं होतं की याचा प्रत्यक्ष गैरवापर अवघड दिसतो. ६ मार्चला डेव्हकोरने तो कसा होतो ते पायरी-पायरीने लिहून दाखवलं. चार लाखांवर सर्व्हर धोक्यात असल्याचा त्यांचा अंदाज होता.

अवांतर: हे दुखणं जुनंच. २ नोव्हेंबर १९८८ला मॉरिस वर्म नावाचा आपोआप पसरणारा प्रोग्राम सुटला, तेव्हा फिंगर नावाच्या सेवेत ५१२ बाइटांच्या जागेत ५३६ बाइट ओतले होते, आणि सेंडमेल या जुन्या मेल प्रोग्राममध्ये चाचणीसाठी ठेवलेला एक दरवाजा उघडाच राहिला होता. २००३च्या मार्चमध्ये सेंडमेलचा एक ओव्हरफ्लो निघाला, तो तर पत्त्यातले कोनी कंस मोजण्यातल्या चुकीचा. तेव्हा मी फोर्टला नोकरीला होतो. त्याची गंमत म्हणजे तो प्रत्यक्ष जोडणीतून नाही, मेलमधूनच यायचा. बाहेरचं मशीन नीट असलं तरी ते इमानदारीत मेल आत पाठवायचं आणि आतलं जुनं मशीन पडायचं. दोन रात्री ऑफिसातच काढल्या. खाली एक भुर्जीवाला होता, त्याच्या जिवावर.

मुद्दा. ४.८९ हा अर्धाच आकडा आहे. बाहेरून तपासणाऱ्याला सर्व्हर नमस्कार करताना जेवढं सांगतो तेवढंच दिसतं. मला पॅकेजचा पूर्ण आकडा हवाय. कोणाला तरी सोबत बसवा आणि डीपीकेजीला, म्हणजे डेबियनवर बसवलेल्या पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामला, विचारा. ४.८९च्या पुढे आडवी रेघ, अधिकचं चिन्ह आणि 'डेब९यू' करून काही येईल. तो शेवटचा अंक सांगा.

विद्या_डोंबिवली | बुधवार, रात्री ९.१५

काका, दोनदा वाचलं. एकदा लोकलमध्ये, एकदा कागद-पेन घेऊन. सातचे चार आणि पाच बरोबर आले!

शेठना मी माझ्या भाषेत सांगितलं. चुकलं असेल तर सांगा. पूर्वी गोदामाची पावती टाइपरायटरवर भरायचे. मालकाच्या नावाची चौकट, तिला लागून नगांची चौकट. पार्टीचं नाव लांबलचक, शेवटी 'युनिट १'. टाइप करणाऱ्याने चौकट कुठे संपते ते बघितलं नाही. 'युनिट' आपल्या चौकटीत बसलं आणि तो शेवटचा एक नगांच्या चौकटीत, १२च्या बरोबर आधी जाऊन पडला. झाले ११२ नग. गोदामवाला कागद बघतो, माणूस बघत नाही. तो ११२ नग मोजून काढणार, म्हणजे शेजारच्या थप्पीतले दुसऱ्याच पार्टीचे शंभर. आणि एकदा ते आपल्या गाडीत आले की त्यांच्यावर हवी ती चिठ्ठी आपण चिकटवणार.

शेठ जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "असं आपल्याकडे एकदा झालेलं." आणि कधीच्या काळची, भाऊच्या धक्क्यापासून सुरू होणारी एक गोष्ट अर्धा तास सांगितली. चहा दोनदा आला. हात लावू नको म्हणणारा माणूस शेवटी म्हणाला, "बघून घे काय ते." एवढं पुरे.

पुतण्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं, कपाटात मोबाइलची बॅटरी धरून बसले. आकडा असा आलाय: ४.८९-२+डेब९यू३. म्हणजे तीन. चांगलं की वाईट?

शंकासुर | बुधवार, रात्री ९.४०

ताई, ११२ नगांच्या उदाहरणाने माझा एक बाइट पटला. शंका मागे घेतो. (इथे असं फारसं होत नाही, नोंद घ्यावी.)

जुनाखांब | गुरुवार, पहाटे ५.१०

गोदामाचं उदाहरण माझ्यापेक्षा बरं आहे. त्यात काही चूक नाही.

तीन म्हणजे काय ते ऐका. डेबियनवाले जुन्या आवृत्तीचा आकडा बदलत नाहीत. नवी दुरुस्ती जुन्याच कापडाला ठिगळासारखी लावतात आणि शेपटीचा अंक एकाने वाढवतात. डेबियन ९साठी सीव्हीई-२०१८-६७८९चं ठिगळ तिसऱ्या नंबरला आलं, फेब्रुवारी २०१८मध्ये. तुमचा मुलगा तेव्हा ऑफिसात होता, त्याने ते लावलं. म्हणजे अहवालातला लाल पट्टा तुमच्या मशीनला लागू नाही. तपासणाऱ्याने नुसता ४.८९चा नमस्कार ऐकला आणि यादीतून रोग काढला.

आता पेढे वाटू नका. तिसऱ्यावरच थांबलाय, याचा अर्थ मुलगा गेल्यापासूनचं एकही ठिगळ नाही. आणि चौथं ठिगळ, ५ जून २०१९चं, यापेक्षा वाईट रोगाचं होतं: सीव्हीई-२०१९-१०१४९. तो ओव्हरफ्लो नाही. त्याला भागाकार लागत नाही, मेमरीतली कसरत लागत नाही. मेल कोणाला पाठवायचा त्या पत्त्याच्या जागीच आज्ञा लिहायची, आणि ४.८७ ते ४.९१पर्यंतचा एक्झिम ती रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वेसर्वा खात्याच्या, हक्काने चालवायचा. सगळी सेटिंग मूळची असतील तर बाहेरच्याला त्यासाठी जोडणी सात दिवस जिवंत ठेवावी लागते, दर काही मिनिटांनी एकेक बाइट पाठवत. सेटिंगमध्ये काही ठराविक फेरफार केलेले असतील तर लगेच. हुशार मुलं सेटिंग मूळची ठेवत नाहीत.

यातली एक खोच सांगतो. ही चूक फेब्रुवारी २०१९च्या ४.९२मध्ये दुरुस्त झालेली होती, पण ती सुरक्षेची चूक आहे हे तेव्हा कुणाला कळलंच नव्हतं. त्यामुळे जुन्या आवृत्त्यांवर ठिगळ कोणी लावलं नाही. जूनमध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या लोकांनी दाखवल्यावर धावपळ झाली. त्याच महिन्यात आपोआप पसरणारे हल्ले सुरू झाले, शिरायचं आणि आभासी चलन खोदणारा प्रोग्राम बसवायचा. मे २०२०मध्ये अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने जाहीर इशारा दिला की सँडवर्म ही रशियन लष्करी टोळी ऑगस्ट २०१९पासून तरी हेच भोक वापरते आहे.

पुढचं मोजतच नाही. मे २०२१मध्ये एकदम २१ चुका बाहेर आल्या, त्यातल्या दहा बाहेरून वापरता येणाऱ्या. ३० जून २०२२ला डेबियन ९ला ठिगळं देणंच बंद झालं. तुमचं मशीन २०१८च्या गणपतीत अडकलंय आणि मेल घ्यायचं पंचवीस नंबरचं दार उघडं आहे.

शंकासुर | गुरुवार, सकाळी ८.२०

म्हणजे अहवाल चुकला, पण रोगी खरोखरच आजारी. वा.

प्रथमेश_सी | गुरुवार, सकाळी १०.०२

काकांचं सगळं बरोबर. ताई, आता 'भोक आहे का' हा प्रश्न संपला, 'कोणी आत आलं होतं का' हा सुरू झाला. पुतण्याला दोन जागा बघायला सांगा. एक, रूटचा क्रॉन, म्हणजे ठराविक वेळाने आपोआप चालणाऱ्या कामांची यादी. दोन, रूटच्या एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) फोल्डरमधली ऑथराइज्ड कीजची फाइल, म्हणजे कोणकोणत्या किल्लीने आत येता येतं त्याची यादी. २०१९चे ते हल्ले नेमक्या याच दोन ठिकाणी अंडी घालायचे. फाइल शेवटची कधी बदलली तेही बघा. पण काही सापडलं तर पुसू नका!

एक्झिमच्या लॉगमधून फार मिळणार नाही. डेबियन मूळच्या सेटिंगला दहाच दिवसांचे ठेवतो.

विद्या_डोंबिवली | गुरुवार, रात्री ११.३०

हात थरथरतायत, टायपिंगच्या चुका समजून घ्या.

रूटच्या क्रॉनमध्ये दोन ओळी. एक त्या मुलाचीच, रोज रात्री बॅकअप घ्यायची. शेजारी त्याने आपल्या नावाची आद्याक्षरं लिहून ठेवलीत, तो असाच होता, फायलींवरही लिहायचा. दुसरी ओळ कोणाची नाही. लांबच्या लांब, कुठल्या तरी पत्त्यावरून काहीतरी उतरवून घ्यायचं आणि चालवायचं, दर अकरा मिनिटांनी. फाइल बदलल्याची तारीख १४ जुलै २०१९. कीजच्या फाइलमध्येही एक किल्ली जास्तीची, तारीख तीच. पुतण्या म्हणाला, तो पत्ता आता कुठेच पोचत नाही, मेलाय. म्हणजे गेली कित्येक वर्षं ते मशीन दर अकरा मिनिटांनी कोणाच्या तरी बंद दारावर थाप मारत बसलंय.

जुलै २०१९. तेव्हा मशीन फार तापायचं, पंखा घरघर करायचा. मी इलेक्ट्रिशियनला बोलावून कपाटाच्या दाराला भोकं पाडून घेतली. साडेतीनशे रुपये घेतले त्याने. पावती आहे माझ्याकडे.

आता काय करू? बंद करून टाकू का? उद्या दोन कंटेनरचे डीओ मेलवरच यायचेत.

जुनाखांब | गुरुवार, रात्री ११.४८

आज जागाच होतो. घाबरू नका, पण आता झोपायच्या आधी एक करा: ऑफिसजवळ राहणाऱ्या कोणाला तरी पाठवून मशीनची नेटवर्कची वायर काढायला सांगा. वीज बंद करू नका, फक्त वायर. मेल लगेच हरवत नाहीत. पाठवणाऱ्याचे सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात, सहसा चार-पाच दिवस. डीओसाठी शिपिंग लाइनला सकाळी फोन करून दुसरा पत्ता द्या. फोनच करा, मेल नको.

उद्या सकाळी डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून घ्या, दुसऱ्या डिस्कवर. मग मूळ डिस्क बाहेर काढून पाकिटात घाला, तारीख टाका. त्या मशीनवर साफसफाई करत बसू नका. रूटचे हक्क मिळालेला माणूस काय काय बदलून गेला, हे त्याच मशीनला विचारून कळत नाही, कारण उत्तर देणारे प्रोग्रामही त्याचेच असू शकतात. नवं मशीन, चालू डेबियन, ज्याला अजून ठिगळं मिळतायत असं. आणि ठिगळं आपोआप लागतील असं सेटिंग. किंवा लोअरपरळवाल्यांचं ऐका, आता त्यांचं म्हणणं बरोबर ठरलंय.

पासवर्ड सगळे बदला, आणि ते त्या मशीनला न जोडलेल्या कॉम्प्युटरवरून. मेलचे तर बदलाच, पण आइसगेटचा (कस्टमच्या पोर्टलचा), बँकेचा आणि ज्या ज्या शिपिंग लाइनच्या पोर्टलवर कोणी तोच पासवर्ड वापरला असेल तो आधी. पार्ट्यांना कळवा: आमच्या मेलवरून खातं बदलल्याचं काही आलं तर पैसे पाठवायच्या आधी फोन करा. क्लिअरिंगच्या धंद्यात खरा फटका तिथे बसतो.

आणि एक शेठना आवडणार नाही ते. २८ एप्रिल २०२२च्या आदेशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, कळवायची असते. फॉर्म भरून मेलने जातो. अर्थातच दुसऱ्या पत्त्यावरून पाठवा. त्याच आदेशात लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलेत. तुमच्याकडे दहा दिवसांचे असतील. आहे ते आहे असं लिहा, रंगवू नका.

विद्या_डोंबिवली | पुढच्या बुधवारी, रात्री १०.१०

वायर त्याच रात्री निघाली. खालच्या चहावाल्याच्या पोराने काढली, शेठनी स्वतः फोन करून. मी सर्ट-इनचा फॉर्म रात्री पावणेदोनला माझ्या स्वतःच्या मेलवरून पाठवला, पुतण्याने वाचून दाखवला आणि मी भरला, बिल ऑफ एंट्री भरते तसा.

डीओ दोन्ही मिळाले. एका कंटेनरला एक दिवसाचं डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार) लागलं, ते शेठनी निमूटपणे भरलं. कॅनडाला त्या मुलाला कळवलं. त्याने पहिलं विचारलं, "ती अकरा मिनिटांची ओळ माझी नाही ना?" नाही रे बाबा, तुझी आद्याक्षरं असलेली तेवढी तुझी. मग म्हणाला, जाताना आपोआप ठिगळं लावायचं सेटिंग करायचं राहिलं, त्या आठवड्यात व्हिसाच्या गडबडीत होतो. मी रागावले नाही. मलाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

हॅम्बुर्गला खरं ते लिहिलं. आधी पट्टा तुमच्या यादीने चुकीचा लावलाय, आमच्याकडे ती दुरुस्ती फेब्रुवारी २०१८पासून आहे, आणि मग, पण त्या निमित्ताने बघितलं तर दुसरंच सापडलं. त्यांच्या पोर्टलवर उत्तराच्या चौकटीला ५०० अक्षरांची मर्यादा. माझं वाक्य 'दुसरंच सा' वर तुटलं आणि खाली लाल अक्षरांत आलं, 'मर्यादा संपली'. एरवी अशा चौकटींना मी शिव्या देते. त्या दिवशी गप्प बसले, मजकूर छाटला आणि उरलेलं जोडपत्रात दिलं. काल उत्तर आलं, शिपमेंट चालू ठेवतायत, महिन्याने पुन्हा तपासणार.

नवं मशीन आलंय, कपाटात नाही, शेठच्या केबिनमध्ये. शेवटचं विचारते. जुन्या प्रतीवरचे २०१७पासूनचे मेल नव्या मशीनवर आणायचे का? जुन्या शिपमेंटचे वाद निघाले तर लागतात. त्यातून काही परत तर येणार नाही?

जुनाखांब | गुरुवार, पहाटे ५.२५

मेल आणा. जोडपत्रं आधी स्कॅन करून घ्या. सेटिंगच्या फायली आणू नका, त्या नव्याने लिहा. प्रोग्राम एकही नको. बॅकअपची ती ओळही त्या मुलाला फोनवर घेऊन नव्यानेच लिहून घ्या.